व्हर्नाला आधी कळतं

ॲडलेडपासून लांब, समुद्रकाठच्या आमच्या पोर्ट टारलीत मूल जन्माला येण्याआधी त्याचं नाव तिघांना ठाऊक असतं. आई, बाप आणि व्हर्ना पास्को. आजीला ठाऊक नसतं. मी आजी व्हायची होते, म्हणून एवढ्या ठसक्यात सांगते.

त्याचं कारण असं, की इथलं प्रत्येक बाळ हॉस्पिटलातून घरी येतं ते पांढऱ्या झबल्यात, आणि झबल्याच्या छातीवर त्याचं नाव मशीनने भरलेलं असतं. बाळ घरी येईपर्यंत नाव कुणाला सांगायचं नाही, झबलं बघूनच गावाला कळायचं, अशी इथली रीत. पण नाव भरायचं तर भरणारीला ते आधी सांगायला हवं. म्हणून आठवा महिना लागला की नवराबायको व्हर्नाच्या स्वयंपाकघरात जातात, दार लावून घेतात आणि तिच्या कानात नाव सांगतात. व्हर्ना ऐकते, ‘छान आहे’ म्हणते आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटली तर जणू ऐकलंच नाही अशी वागते. एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलेलं नाही. गावाला याचं कोण कौतुक! मला विचाराल तर गप्प बसायला काही अक्कल लागत नाही. मला जमलं नाही, ती गोष्ट वेगळी.

व्हर्ना मूळची इथली नाही. वरच्या बाजूला तांब्याच्या जुन्या खाणी आहेत, तिथल्या गावातून पास्कोंच्या घरात लग्न होऊन आली. नवरा क्लाइव्ह बंदरावरच्या बार्लीच्या कोठारांवर कामाला. मूलबाळ झालं नाही. तीस वर्षं ती शाळेच्या कँटीनमध्ये उभी राहून गावच्या पोरांना पेस्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, गरम करून देत होती. कुणाला सॉस चालत नाही, कुणाच्या घरून आज डबा आलेला नाही, हे तिला न सांगता कळायचं. माझा ब्रेंट घरी मी केलेल्या पेस्टीला नाकं मुरडायचा आणि म्हणायचा, ‘व्हर्नासारखी नाही झाली.’ तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी तेव्हापासून तिचे असे विजय मोजत आले आहे.

क्लाइव्ह वारला त्याच्या वर्षभर आधी तिने भरतकामाचं मशीन आणलं. जुनं, दुसऱ्या कुणी वापरलेलं, एका सुईचं. एका सुईचं म्हणजे रंग बदलला की मशीन थांबणार, बाईने रीळ बदलायचं, चष्मा वर करून सुईत दोरा ओवायचा, पुन्हा बटण दाबायचं. एका बदकाच्या पिल्लाला पाच वेळा उठबस. तिची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली आहेत, तरी तिचा एक टाका इकडचा तिकडे होत नाही. मी भिंगाखाली धरून पाहिलेला आहे. एकदा नाही, बरेचदा.

तोवर गावातल्या तान्ह्यांचे कपडे माझ्याकडे असायचे. मी हाताने स्मोकिंग करायची, म्हणजे कापडाला बारीक चुण्या घालून त्यांच्यावर भरतकाम. ऑक्टोबरात गावचं शेतीप्रदर्शन भरतं, त्यात लोकर, जॅम, केक, भरतकाम सगळ्यांवर फिती लागतात, आणि तान्ह्यांच्या कपड्यांतली निळी फीत, म्हणजे पहिला नंबर, तेव्हा माझ्याशिवाय कुणाला मिळाल्याचं आठवत नाही. मग आली व्हर्ना आणि तिचं ते खडखडणारं मशीन. पोरींना नाव भरलेलं झबलं हवंसं वाटायला लागलं. मग मीही मशीन घेतलं. तिच्यापेक्षा मोठं. सहा सुयांचं. सहा रंग एका दमात, उठायचं काम नाही.

पहिल्या वर्षी नऊ जणी माझ्याकडे आल्या. व्हर्नाकडे चार. ते वर्ष फार सुखाचं गेलं.

मग तो प्रकार झाला. पोस्टातल्या कॉलिनची मुलगी माझ्याकडे आली होती. कॉलिनला खात्री होती, नातू झाला तर नाव कॉलिनच. पोरीने माझ्या कानात सांगितलं, ‘मार्लो’. आता मार्लो हे काय नाव झालं? मी बेकरीत रांगेत उभी होते, डॉट काउंटरच्या मागून म्हणाली, ‘काय गं ग्लेनिस, कॉलिन येतोय की नाही?’ मी नुसतं हसले. मग एवढंच म्हटलं, की कॉलिनने मन घट्ट करावं. मग डॉटने विचारलं म्हणून पुढचंही सांगितलं. आणि मेला कॉलिन माझ्यामागे तिसरा उभा होता, हातात क्रीमचा बन घेऊन. तो बन तिथेच ठेवून निघून गेला आणि लेकीच्या घरी सहा महिने पाऊल टाकलं नाही. बारशालाही नाही.

मी काय एवढं केलं? दोन महिन्यांनी कळलंच असतं त्याला. पण त्यानंतर माझ्या सहा सुया गंजत पडल्या. बायका प्रेमाने बोलायच्या, शिलाई दुरुस्तीला द्यायच्या, पडद्यांना दुमड घालून मागायच्या. नाव मात्र कुणी सांगेना.

तरी मला वाटलं होतं, आपल्या स्वतःच्या नातवंडाचं झबलं आपण करणार. यात विचारायचं काय? माझ्या मुलाचं मूल. गेल्या जानेवारीत ब्रेंट आणि त्याची बायको टालिया जेवायला आले, टालियाचं पोट चांगलं दिसायला लागलं होतं, मी आशेने वाट बघत राहिले. त्यांनी हवेबद्दल सांगितलं, बार्लीबद्दल सांगितलं, नव्या गाडीच्या सीटबद्दल सांगितलं. मला वाटलं, पुढच्या वेळी.

पुढच्या आठवड्यात पाव आणायला गेले तर डॉट म्हणते, ‘काल टालियाला व्हर्नाकडे शिरताना बघितलं. ब्रेंटपण होता. दार लावलेलं!’

माझ्या कानशिलावर कुणी गरम इस्त्री ठेवावी तसं झालं. मी पाव न घेताच घरी आले आणि ब्रेंटला फोन केला.

‘तुझ्या आईकडे सहा सुयांचं मशीन आहे, हे तुला माहीत आहे ना रे?’

‘आई, नको ना सुरू करूस.’

‘मी कुठे काय सुरू करते? मी फक्त विचारते, बाळाचं नाव काय?’

‘बाळ आल्यावर कळेल. सगळ्यांना तेव्हाच कळणार.’

‘सगळ्यांना नाही. व्हर्नाला कळलं.’

‘व्हर्नाचं वेगळं आहे, आई.’

वेगळं! परक्या बाईचं वेगळं आणि जन्म दिलेलीचं सगळ्यांसारखं. मी फोन ठेवला आणि रडले. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी व्हर्नाला मनातल्या मनात इतकी नावं ठेवली, की तिच्या मशीनला भरायला वर्ष लागलं असतं.

सकाळी उठून ठरवलं, नाव नाही तर नाही, पण माझ्या हातचं झबलं बाळाच्या अंगावर पहिलं चढेल. ॲडलेडहून मागवलेलं एकच उत्तम सुती झबलं माझ्याकडे होतं. त्यावर पेलिकन भरायला घेतला, आमच्या धक्क्यावर बसतात तसा, चोच पोटावर टेकवून. आता तान्ह्याचं झबलं केवढंसं असतं! पुढचा भाग कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये बसवायचा तर मागचा भाग गोळा करून चिमट्यांनी बाजूला बांधावा लागतो, नाहीतर तो हळूच रिंगखाली सरकतो. शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी हेच सांगतात. मी रागात चिमटे लावलेच नाहीत. मशीन सुरू केलं आणि व्हर्नाला काय काय सुनवायचं याचा विचार करत बसले. चौदा हजार टाके. झबलं काढलं तर पुढचं मागच्याला घट्ट शिवलेलं. पेलिकन देखणा आला होता, पण आत बाळ घालायला जागा नव्हती.

असे टाके कापड न फाडता उसवणारी गावात एकच बाई आहे. कोण ते सांगायला नको.

मी ते झबलं पिशवीत घातलं आणि तिच्या दारात गेले. खरं सांगायचं तर झबल्यासाठी दोन टक्के, आणि बाळाचं नाव कुठे दिसतंय का ते बघायला अठ्ठ्याण्णव टक्के.

व्हर्नाने झबलं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आत हात घालायचा प्रयत्न केला आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

‘हसून घे,’ मी म्हटलं.

‘अगं ग्लेनिस, मी आजवर असली अकरा शिवली आहेत. क्लाइव्हची एक पँट शिवून टाकली होती. त्याला सांगितलं, एका पायाची फॅशन आहे.’ तिने डोळे पुसले. ‘बस. होईल नीट. पेलिकन जाईल पण.’

‘जाऊ दे पेलिकन.’

तिने दाढीच्या मशीनसारखं ते टाके कापायचं छोटं यंत्र काढलं आणि उलट्या बाजूने हळूहळू दोरा खरवडायला लागली. फेब्रुवारीचा उन्हाळा, पंखा गरगरत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा जुना लॅपटॉप उघडा होता. त्यावर ती अक्षरं मांडते आणि तिथून मशीनमध्ये घालते. माझी नजर सारखी तिकडे.

‘टालिया येऊन गेली म्हणे,’ मी म्हटलं.

‘हो का?’ व्हर्ना म्हणाली.

‘काय हो का? तुझ्याकडेच आली होती.’

‘येतात पोरी. चहा पितात.’

‘मी आजी आहे, व्हर्ना.’

‘मला ठाऊक आहे. चांगली आजी होशील.’ आणि पुन्हा खर्र खर्र. मला तिचं ते यंत्र घेऊन तिच्याच पांढऱ्या केसांवरून फिरवावंसं वाटलं.

तेवढ्यात मागच्या दारी गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला. त्याला नळी जुनी दिसली, त्याने तिला हाक मारली. ती गुडघे धरत उठली आणि बाहेर गेली. मला काही बोलली नाही. लॅपटॉपवर फडकंही टाकलं नाही. एकोणीस वर्षं कुणी तिच्या घरात चोरून बघितलं नव्हतं, म्हणून तिला सुचलंच नाही.

मी दोन ढांगांत तिथे पोचले.

पडद्यावर यादी होती. आडनाव, नाव, तारीख, आणि भरलेल्या अक्षरांची लांबी मिलिमीटरमध्ये. अक्षरक्रमाने लावलेली. मी आमच्या आडनावाच्या ‘ह’पर्यंत गेले. हार्किन, एडिथ. या आठवड्याची तारीख. बहात्तर मिलिमीटर. एडिथ! माझ्या सासूच्या आईचं नाव. मी मनातल्या मनात नाचले. मला कळलं होतं, बाळ यायच्या आधी मला कळलं होतं.

आणि त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा हार्किन होतं. हार्किन, पर्ल. तारीख तीन वर्षांपूर्वीची. चोवीस मिलिमीटर.

पहिल्यांदा मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. पण या किनाऱ्यावर हार्किन आम्हीच. मग वाटलं, बाहुलीसाठी असेल. चोवीस मिलिमीटर म्हणजे माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा जरा लांब. नवजात बाळाच्या झबल्यावर एवढंसं नाव कुणी भरत नाही, ते शोभतच नाही. एवढंसं नाव भरायला झबलंच तळहाताएवढं असावं लागतं. तळहाताएवढी झबली आम्ही एकाच कामासाठी शिवतो. महिने भरण्याआधीच जी गेलेली असतात, त्यांच्यासाठी. हॉस्पिटलातल्या नर्स फोन करतात, आणि ज्या बाईला फोन येतो ती कुणाला सांगत नाही.

मी खुर्चीत बसले. तारीख मला पाठ होती. ऑक्टोबरातला प्रदर्शनाचा शनिवार. त्या दिवशी माझ्या स्मोकिंगच्या फ्रॉकला निळी फीत मिळाली होती, किती वर्षांनी, आणि ब्रेंट आणि टालिया बघायला आले नव्हते. ‘टालियाला बरं नाही’ असा त्याचा फोन आला होता. मी त्याला म्हटलं होतं, ‘बरं नसायला नेमका माझाच दिवस बरा सापडतो तुम्हाला.’ आणि नंतर तीन आठवडे बोलले नव्हते.

व्हर्ना दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं.

‘मी बंद करायला हवं होतं,’ ती म्हणाली. स्वतःलाच म्हणाली.

‘तुला माहीत होतं,’ मी म्हटलं. ‘तीन वर्षं. दर गुरुवारी महिला मंडळात माझ्या शेजारी बसून चहा पीत होतीस.’

‘हो.’

‘तू बघितलीस तिला?’

तिने लॅपटॉपचं झाकण लावलं.

‘व्हर्ना, माझी नात होती ती! तू बघितलीस का?’

‘ते त्यांना विचार, ग्लेनिस. ते माझं नाही सांगायचं.’

‘आतासुद्धा? आता मला कळलंय तरीसुद्धा?’

‘तुला नाव कळलंय. बाकीचं त्यांचं आहे.’

मी खूप बोलले. नको ते बोलले. तुला मूल नाही म्हणून तू दुसऱ्यांची लपवून ठेवतेस, असंही बोलले. ती खाली बसली, माझं झबलं पुन्हा हातात घेतलं, पण यंत्र सुरू केलं नाही.

‘मला का नाही सांगितलं त्यांनी?’ मी शेवटी विचारलं. मला कॉलिन आठवत होता, पण तिने त्याचं नाव काढावं असं मला वाटत नव्हतं.

तिने काढलं नाही. ‘टालियाला गावाची दया नको होती,’ ती म्हणाली. ‘प्रत्येकाने दारात पेस्टी घेऊन यायला नको होतं. बस, एवढंच.’ मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, ‘ग्लेनिस, या घरातून आजवर नाव बाहेर गेलेलं नाही. आज गेलं. आता ते तुझ्याकडे आहे.’

‘माझ्याकडे?’

‘तुझ्याकडे. मी काही करू शकत नाही.’

घरी येताना बेकरी लागते. डॉट दारातच पाट्या पुसत होती. ‘काय गं, कळलं का नाव?’ तिने विचारलं. तिने येणाऱ्या बाळाच्या नावाबद्दल विचारलं होतं, पण माझ्या घशात दोन्ही नावं होती. मी म्हटलं, ‘व्हर्ना कसली सांगते!’ आणि पुढे चालायला लागले. एवढे शब्द बोलायला मला किती जोर लागला हे कुणाला सांगून पटणार नाही.

एडिथ मार्चमध्ये झाली, शहराच्या हॉस्पिटलात. मी आणि माझा नवरा खोलीत गेलो तेव्हा तिच्या अंगावर व्हर्नाचं झबलं होतं, निळसर राखाडी दोऱ्याने भरलेलं नाव. मी तोंडावर हात ठेवून ‘एडिथ!’ म्हटलं, चांगलं म्हटलं, माझ्या नवऱ्याला खरं वाटलं. टालियाने बाळ माझ्या हातात दिलं. नर्स पाणी बदलायला आली होती, ती हसून म्हणाली, ‘पहिली नात का?’

टालिया चादरीची कड बोटांनी चोळत होती. ब्रेंट खिडकीबाहेर बघायला लागला. माझ्या तोंडात ‘दुसरी’ आलं होतं, अगदी दातांपर्यंत.

‘हो,’ मी म्हटलं. ‘माझ्या हातातली पहिली.’

टालियाने वर बघितलं. मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. सांगायचं असेल तर तिने सांगायचं. त्याला आता सात महिने झाले, तिने अजून सांगितलेलं नाही. मी वाट बघते. वाट बघणं हा माझा स्वभाव नाही, हे कुणालाही विचारा.

गुरुवारी महिला मंडळाच्या खोलीत मी अजून व्हर्नाच्या शेजारी बसते. माझा हेवा गेला असं समजू नका. उलट आता त्याला धड तोंड फुटलं आहे. पूर्वी मला तिच्या टाक्यांचा हेवा वाटायचा, तिच्या पेस्टीचा, तिच्याकडे जाणाऱ्या पोरींचा. आता मला एकाच गोष्टीचा वाटतो. त्या शनिवारी मी मंडपात फीत लावून मिरवत होते आणि ती तिच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या नातीचं नाव भरत होती. ते काम माझं होतं. माझ्या सहा सुया रिकाम्या होत्या आणि मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं नाही ते बरोबर केलं.

गेल्या गुरुवारी बाकीच्या चहाला उठल्या, तेव्हा मी विचारलंच. भरलेल्या नावाच्या उलट्या बाजूला दोऱ्याच्या गाठी राहतात, त्या कोवळ्या अंगाला टोचतात, म्हणून आतून मऊ अस्तराचा तुकडा इस्त्रीने चिकटवतात. पण ज्या बाळाला काही टोचणारच नाही, त्याच्यासाठी कोण लावत बसेल?

‘व्हर्ना,’ मी हळूच म्हटलं, ‘त्या छोट्या झबल्याला आतून अस्तर लावलं होतंस का गं?’

तिने इकडेतिकडे बघितलं. एकोणीस वर्षांत तिने कुणाच्या झबल्याबद्दल काही सांगितलं असेल तर ते हे एवढंच.

‘लावलं होतं,’ ती म्हणाली. ‘दोन थर.’

‘मीही लावलं असतं,’ मी म्हटलं.

‘हो,’ व्हर्ना म्हणाली, ‘तू लावलंच असतंस.’